निळी पट्टी बांधलेली दोरी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ती तिन्ही माणसं हयात आहेत, आणि शपथ घ्यायला सांगितली तर तिघंही घेतील.

यात रात्र नाही. अमावास्या नाही, पडकं घर नाही. घडलं ते रविवारी, जेवणाच्या वेळेला, लख्ख उन्हात आणि भर रहदारीच्या रस्त्यावर.

म्हणूनच ते विसरता येत नाही.

शहराच्या कडेला एक बंद पडलेली गिरणी आहे. तिच्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काही हौशी मंडळी जुन्या बस दुरुस्त करतात. पगार नाही, मानधन नाही, घरच्यांची बोलणी मात्र भरपूर. भंगारात निघालेली गाडी आणायची, गंज खरवडायचा, रंग द्यायचा आणि रविवारी रस्त्यावरून फिरवून आणायची. त्यांचा नियम एकच. गाडी पहिल्या दिवशी जशी होती तशीच दिसली पाहिजे. नंतर कुणी ठोकलेलं, चिकटवलेलं, बांधलेलं काहीही ठेवायचं नाही.

हा नियम लक्षात ठेवा.

मंडळीत एक निवृत्त ड्रायव्हर होते. जन्मात कधी घाई केली नाही म्हणून सगळे त्यांना सावकाशराव म्हणत. एक सुतारकाका होते. दुसऱ्याने मारलेला खिळा त्यांना कधीच सरळ दिसत नसे. आणि सीटची कव्हरं शिवायला मावशी येत.

मावशी का येतात हे फक्त सावकाशरावांना माहीत होतं. शेडमधली लाल बस त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं चालवली होती. तिच्यावर त्यांच्याबरोबर कंडक्टर होते ते मावशींचे यजमान.

मावशींचं घर त्या बसच्या रस्त्यावरच, थांब्यासमोर. दुपारच्या फेरीला थांबा आला की कंडक्टर मागच्या दारापाशी दोरी ओढायचे. ती छताखालून थेट ड्रायव्हरच्या कानाजवळच्या घंटेला जायची. एक बेल म्हणजे थांब. मावशी डबा घेऊन उभ्या असायच्या. डबा हातात पडला की डबल बेल. म्हणजे चल.

सावकाशरावांची केबिन बंद. मागचं काही दिसत नसे. डबल झाल्याशिवाय त्यांनी गाडी कधी हलवली नाही.

एकदा ती दोरी दारापाशी तुटली. कंडक्टरांनी मावशींच्या शिवणाच्या टोपलीतून एक निळी पट्टी घेतली आणि दोन गाठी मारून दोरी जोडली. मावशी कुरकुरल्या, तेव्हा म्हणाले, "घरी माझी दोरी तुझ्या हातात असते. गाडीत तरी तुझी माझ्या हातात राहू दे."

मग तो दिवस आला.

डब्याचं झाकण बसेना. कडी वाकली होती. बाहेर एक बेल झालेली मावशींनी ऐकली. त्यांनी झाकण दाबलं, ठोकलं, शेवटी तसाच डबा छातीशी धरून त्या धावल्या. गाडी भरलेली, उशीर झालेला. त्या फाटकाशी पोचल्या तेव्हा डबल बेल झाली होती. मागच्या दारातून कंडक्टरांनी हात हलवून सांगितलं, राहू दे. हसत होते.

शेवटच्या थांब्यावर ते मागच्या सीटवर बसलेले सापडले. डोकं खिडकीला टेकलेलं. उतारूंना वाटलं, थकून डोळा लागलाय. सगळे पाय न वाजवता उतरून गेले.

"उपाशी गेले," मावशी म्हणायच्या. वर्षं गेली, रडणंही आटलं, पण त्यांचं हे एक वाक्य काही संपलं नाही.

असो. लाल बसचं इंजिन सुरू झालं आणि पहिल्या रविवारी तिघं तिला फिरवायला निघाले. सावकाशराव केबिनमध्ये. मावशी आणि सुतारकाका पुढच्या सीटवर. मागे कुणी नाही. बाकीची मंडळी शेडमध्ये रंगाला चिकटलेली.

जुना रस्ता आला. थांब्याचा खांब केव्हाच गेला होता, नुसता चौथरा उरला होता.

आणि...

एक बेल.

सावकाशरावांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली. मावशी आणि सुतारकाकांनी मागे पाहिलं. मागचं दार उघडं होतं. निळी पट्टी अजून बांधलेली ती दोरी हळूहळू हलत होती.

बराच वेळ गेला. मग मागून कंडक्टरच्या सीटची स्प्रिंग करकरली...

डबल बेल.

सुतारकाका लगेच सांगायला लागले की दोरी ताणलेली आहे, खड्ड्याने हिसका बसला. पण खड्डा नव्हता. गाडी तर उभीच होती.

पुढच्या रविवारी सुतारकाकांनी दोरी मुद्दाम सैल सोडली. थांबा आला...

एक बेल. तेवढीच वाट पाहणं. डबल बेल.

त्या संध्याकाळी सावकाशराव मावशींच्या दारात जाऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी आत आले नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले, "तो थांबतोय. कुणाची तरी वाट बघतो आणि मग नाइलाजाने डबल देतो. त्याचा हात मी ओळखतो."

मावशी घाबरल्या नाहीत. ज्या माणसासाठी आपण झुरतो त्याची भीती कशी वाटणार? त्यांनी फळीवरून जुना डबा काढला, कडी ठोकून सरळ केली आणि झाकण पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. येत्या रविवारी त्या गाडीत बसणार नव्हत्या. डबा घेऊन थांब्यावर उभ्या राहणार होत्या. एवढं एकदा झालं की पुरे, बाकी काही मागणं नाही, असं त्या सावकाशरावांना म्हणाल्या. दोघांनीही ते आपल्यापाशीच ठेवलं. लोक हसले असते.

आणि तिथेच घात झाला.

रविवारी मावशी केव्हाच्या थांब्यावर येऊन उभ्या होत्या. डबा गरम होता. झाकण पहिल्याच खेपेला बसलं होतं. लांबून लाल बस दिसली तेव्हा त्यांनी केसांवरून हात फिरवला. या वयात. त्यांचं त्यांनाच हसू आलं.

गाडी जवळ आली...

बेल झाली नाही.

सावकाशराव कान देऊन होते. काहीच नाही. शेवटी त्यांनी स्वतःच ब्रेक दाबला. मावशी मागच्या दाराने चढल्या. कंडक्टरच्या सीटवर त्यांनी डबा ठेवला आणि बाजूला उभ्या राहिल्या.

स्प्रिंग करकरली नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. सावकाशराव स्टिअरिंग धरून डबल बेलची वाट बघत होते. मावशी डब्याकडे बघत होत्या. डबा निवत होता.

मग त्यांनी वर पाहिलं.

दोरी कोरी होती. पांढरी, सुबक, एकसंध. निळी पट्टी नव्हती. त्या पुढे गेल्या, केबिनच्या फटीतून पाहिलं. घंटाही दुसरीच, चकचकीत.

"पट्टी कुठे आहे?" मावशी म्हणाल्या.

सावकाशरावांनी मान हलवली. त्यांना खरंच माहीत नव्हतं. नव्या घंटेकडे त्यांनी सकाळपासून पाहिलंच नव्हतं.

गाडी शेडला परतली तेव्हा सुतारकाका बाहेर उन्हात बसले होते. त्या दिवशी दारं रंगवायची म्हणून ते मागे राहिले होते. हातातला ब्रश वाळून गेला होता.

आपोआप वाजणारी बेल म्हणजे बिघाड, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आठवडाभर खपून त्यांनी नवी दोरी ओवली, पोचे पडलेली घंटा बदलली. आणि ते निळं चिरगूट... ते तर पहिल्या दिवसापासूनचं नव्हतंच. नियमाप्रमाणे काढलं. जुनी दोरी आणि घंटा त्यांनी बाकाखालच्या भंगाराच्या पेटीत टाकली होती. त्या बेलने मावशी दचकत असतील, त्यांना बरं वाटेल म्हणून केलं, असं ते सारखं सांगत राहिले.

"काका, झालं काय?" सावकाशरावांनी विचारलं.

सुतारकाका मावशींकडे न बघता बोलले. "तुम्ही थांब्यापाशी पोचला असाल तेव्हा... पेटीत बेल वाजली. एकच. बंद पेटीत, वर फळ्या रचलेल्या. मी इथेच बसून राहिलो. म्हटलं, आता डबल होईल, आता होईल..."

"झाली?"

"नाही झाली."

मावशी तिथेच खाली बसल्या. डबा मांडीवर. त्या रडल्या, इतक्या वर्षांनी, आवाज काढून रडल्या. त्या थांब्यावर उभ्या होत्या आणि यजमान इथे, जुन्या दोरीपाशी उभे होते. दोघंही वेळेवर आले होते. आणि पुन्हा चुकामूक झाली होती.

त्याच दिवशी जुनी दोरी परत चढली. निळ्या पट्टीच्या गाठी मावशींनी स्वतः मारल्या. नियम गेला खड्ड्यात, असं सुतारकाकाच म्हणाले.

पण त्यानंतर ती बेल कधीच आपोआप वाजली नाही.

लाल बस अजूनही रविवारी निघते. त्या थांब्यावर सावकाशराव न चुकता थांबतात. मावशी चढतात, कंडक्टरच्या सीटवर डबा ठेवतात, थोडा वेळ उभ्या राहतात, डबा उचलून उतरतात. मग गाडी तशीच, बेलशिवाय निघते. तिथे दोरीला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

सावकाशराव म्हणतात, एक बेल झालेली आहे. डबल अजून व्हायची आहे. आणि तो पक्का कंडक्टर होता. ज्याच्यासाठी गाडी थांबवली, त्याचं काम झाल्याशिवाय यापुढे तो डबल देणार नाही.

हे ऐकताना काही वाटत नाही. वाटतं ते नंतर.

गेल्या रविवारी मावशींना पायरी चढवेना, म्हणून सुतारकाकांनी डबा हातात घेतला. तो जड लागला. पूर्वीपेक्षा बराच जड. एका माणसाला एवढं कशाला, असं त्यांनी सहज विचारलं.

मावशींनी मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. कडी नीट लागलीय ना, ते चाचपलं.

"आता दोघांचं आणते," त्या म्हणाल्या.