कोळशाच्या कडेची हिरवी ज्वारी

"उतरा, उतरा! बायका-पोरं बसू द्या, बाकी समदे खाली उतरा!" अर्जुना ड्रायव्हर ओरडला आणि पुरुषमंडळी पटके सावरत भराभर खाली उतरली.

ओढ्यापलीकडच्या त्याच चढणीवर तासगाव-सांगली मोटार पुन्हा ठप्प झाली होती. लढाईमुळे पेट्रोल कुपनावर, तेही थेंबभर मिळायचं. म्हणून पीरमहंमद मिस्त्रींनी जुन्या पिंपाची एक टाकी घडवून गाडीच्या पाठीमागे बसवली होती. तिच्यात बाभळीचा कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवायचा, मग निघालेला गॅस नळीतून गाळून इंजिनात जायचा आणि गाडी पळायची. पळायची म्हणजे, तिच्या मनात आलं तर!

"मिस्त्रीनं गाडीला चूल बसवलीया! निदान भाकरी तरी थापा तिच्यावर!" ढकलणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, आणि सगळे खो खो हसले.

खिडकीशी बसलेल्या बनूला मात्र हसू आलं नाही. गाडी तिच्या वडिलांची, लालासाहेबांची. साताऱ्याला मामाकडे राहून शिकणारी बनू उन्हाळ्याच्या सुटीत घरी आली होती आणि आल्यापासून रोज हाच तमाशा बघत होती. तिचा चुलतभाऊ जोतीराम शेजारी शेंगा फोडत होता. आणि मिस्त्रींचा मुलगा लियाकत? त्याचे कान लालबुंद झाले होते.

त्या संध्याकाळी लालासाहेबांनी मिस्त्रींना वाड्यावर बोलावलं. "मिस्त्री, आता बास! लोक हसाय लागले मला. उद्या मी सोता गाडीत बसणार. उद्या बंद पडली, तर टाकी उपटून टाकतो आन् गाडी इकून मोकळा होतो!"

मिस्त्री हळूच म्हणाले, "टाकीत खोट न्हाई, मालक. धा येळा उघडून बघितली. पर तुमी म्हनाल तसं. मग मी पुन्याला जातो. तितं लष्कराच्या कारखान्यात काम हाय."

पुण्याला! दाराआडून ऐकणारी बनू दचकली. मिस्त्री गेले म्हणजे लियाकतही जाणार. पोहायला, चिंचा पाडायला, भांडायला मग उरणार कोण?

दुसऱ्या दिवशी गावात हळद आणि त्याच्या पुढच्या दिवशी लग्न होतं, त्यामुळे लालासाहेबांनी बेत दोन दिवस पुढे ढकलला. हळदीच्या दुपारी तिघांनी गोठ्यामागे बैठक मांडली.

"मला एक कळत न्हाई," बनू म्हणाली. "सकाळी सांगलीला जाताना गाडी रडती. सांजच्याला सांगलीहून येताना तीच चढण दुसऱ्या अंगानं कशी चढती? तवा कवाच बंद पडत न्हाई!"

लियाकतने मान वर केली. "व्हय की गं! टाकी तीच, इंजिन तेच."

"ड्रायवर बी तोच," जोतीराम म्हणाला. "फकस्त कोळसा दुसरा. येताना सांगलीत भरत्यात, जाताना आपल्या अंगणातला."

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. शेंगा खाण्याशिवाय या पोराला आणखी काही सुचतं, हे त्यांना आजच कळत होतं!

तिघे धावत अंगणात गेले. कोपऱ्यात कोळशाचा ढीग होता. वरचे तुकडे उन्हात चांगले तापलेले होते. पण ढिगाच्या कडेला बनूला काय दिसलं? ज्वारीचे कोंब! हिरवेगार, बोटभर उंच! ऐन मे महिना, सगळं शिवार करपून गेलेलं, आणि इथे सांडलेले दाणे मजेत उगवले होते.

"ह्याला पानी कुटनं मिळालं?" लियाकतने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि एक कोळसा बाहेर काढला. तो गार होता. चांगला ओला!

"चोर सापडला!" जोतीराम ओरडला.

"चोर न्हाई रं, नुसता माल सापडलाय," बनू म्हणाली. "उद्या पाटे उठायचं!"

पहाटे तिघे कडब्याच्या गंजीआड दबा धरून बसले. तांबडं फुटलं आणि राहीबाई आत्या बाहेर आल्या. लालासाहेबांच्या या थोरल्या बहिणीपुढे खुद्द लालासाहेबही मोठ्याने बोलत नसत. आत्यांनी शेणाचा सडा घातला. अंगण संपलं. मग त्यांनी साध्या पाण्याची बादली उचलली, कोळशावर सपासप शिंपडली, उरलेली तर सरळ ओतली. वर पुटपुटल्या, "आता उडू दे काळं माज्या कुरडयांवर! बगतेच!"

शेजारच्याच बाजेवर पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत होत्या.

तिघांनी तोंडावर हात दाबले. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

"जा, सांग तुज्या आत्याला," लियाकत कुजबुजला.

"मी? तूच सांग की!"

"माज्या बापावर आधीच बालंट हाय. त्यात मालकाच्या बहिनीचं नाव घिऊ?"

ते खरंच होतं. बनूने गंजीआडून कोळशाच्या ढिगाकडे पाहिलं. मग तिच्या डोळ्यांत चमक आली. "आज कुनाला सांगायचंच न्हाई! दुपारी समदी झोपली की कामाला लागायचं."

भर दुपारी वाडा घोरत असताना तिघांनी कोळसा गोठ्याच्या पत्र्यावर नेऊन पसरला. पत्रा असा तापला होता की जोतीराम नाचतच काम करत होता. ऊन उतरेपर्यंत कोळसा खणखणीत वाळला. पोती भरून त्यांनी ती गाडीतच ठेवली.

राहिला अर्जुना ड्रायव्हर. गाडीला दृष्ट लागली म्हणून त्याने पुढे ढीगभर लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या. बनू गंभीर चेहरा करून त्याच्याकडे गेली. "अर्जुनामामा, ह्या पोत्यातल्या कोळशाची आमी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढलीया. उद्या ह्योच घाला. दुसऱ्याला हात लावू नगा हं!"

"शानी गं माजी बाय!" अर्जुनाने हात जोडले. "घरात एकाला तरी अक्कल हाय!"

दुसऱ्या दिवशी गाडीत लालासाहेब पुढे बसले. मिस्त्री मागे टाकीपाशी उभे होते. राहीबाई आत्यासुद्धा कुरडयांचा डबा मांडीवर घेऊन सांगलीला नणंदेकडे निघाल्या होत्या. ओढा आला. पुरुषमंडळींनी सवयीने पटके घट्ट केले. लियाकतने बनूचा हात इतका करकचून धरला की तिची बांगडीच पिचली.

गाडी घुरघुरली. अर्ध्यावर आली. जरा मंदावली... आणि चढली! एका दमात चढली!

"चढली!" जोतीराम बाकावर उभा राहून किंचाळला. खाली उतरायला तयार बसलेल्या मंडळींना काय करावं ते सुचेना. शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सांगलीत कृष्णाकाठी गाडी थांबली तेव्हा लालासाहेब मिशीत हसत होते. "आज काय जादू झाली रं, अर्जुना?"

"दृष्ट काढलेला कोळसा, मालक! बनूताईंनी दिला!"

"बनू?"

आता सांगणं भाग होतं. "दादा, कोळसा ओला हुता," बनू वडिलांना म्हणाली. "ओल्या कोळशानं आग निवती, गॅस कमजोर पडतो. आमी वाळवला, एवढंच."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "मी टाकी बघत बसलो, कोळशाला हातच लावला न्हाई!"

"आस्सं!" लालासाहेब कडाडले. "म्हंजे कोळसेवाला वजनासाठी पानी मारतोय! थांबा, त्याला आत्ताच जाब इचारतो!"

बिचारा कोळसेवाला! बनूने घाबरून आत्यांकडे पाहिलं. आत्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी पदर सावरला आणि मोठ्याने म्हणाल्या, "त्याला कशाला? पानी म्या मारलं. रोज मारते. माज्या कुरडया काळ्या व्हाय लागल्या म्हनून. मला काय ठावं, त्यानं गाडी अडती ते!"

सगळ्यांच्या नजरा मिस्त्रींकडे वळल्या. मग मिस्त्रींनाच हसू फुटलं. "आक्का, एवढंच हुतं व्हय! मी तर पुन्याची वळकटी बांधून ठेवलीया!"

"सोडा ती वळकटी!" लालासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकलो मी, मिस्त्री."

बनूला एकदम इतकं हलकं वाटलं की तिला रडूच आलं. लियाकत कृष्णेकडे तोंड करून उगाच डोळे चोळत होता.

परतीच्या वाटेवर आत्यांनी नणंदेला न देता राखलेला अख्खा डबा मिस्त्रींच्या घरी म्हणून लियाकतच्या हातात दिला. लालासाहेब म्हणाले, "आमी मोठी मानसं डोसकी फोडत बसलो आन् ह्या पोरांनी गाडी वाचवली! शाब्बास रं!"

"पर मिस्त्रीकाका," जोतीरामने विचारलं, "लढाई सपल्यावर पेट्रोल आलं की ही टाकी भंगारात?"

"आसंल बी," मिस्त्री म्हणाले. "पर पेट्रोल भायेरनं येतंय. पुन्ना अडलं तर? आता उसाच्या मळीचं स्पिरिट काढून त्यावर बी मोटार चालवत्यात म्हनं. उद्या आपल्या रानातल्या चिपाडावर बी चालंल. फकस्त एक हाय. नुसत्या बाभळी तोडत सुटलो, तर कोळसा कुटला? जाळू तेवढं लावाय पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बनू उठून पाहते तर कोळशाचा ढीग पत्र्याच्या छपराखाली आणि कुरडयांची बाज पार माडीवर! आत्या परसात बादली घेऊन वाकल्या होत्या. ओळीने आळी केलेली होती आणि लियाकत एकेका आळ्यात बाभळीचं बी टोचत होता.

"आत्या, काय करता?"

"कोळसा भिजवते!" आत्या मान वर न करता म्हणाल्या. "धा वर्सांनी निघंल त्यो. ह्याला तर पानी चालतंय न्हवं?"

मागे उभे असलेले लालासाहेब मोठ्याने हसले. बनूने दुसरी बादली उचलली आणि लियाकतच्या मागोमाग आळ्यांना पाणी घालायला लागली.