आधी ब्रेक, मग भांडण

विमानतळाकडे निघालेली जीप गल्लीतून नगर-मनमाड रस्त्याला लागत होती. ड्रायव्हरनं शेजारच्या पोराला विचारलं, "डावीकडून कोन येतंय का?"

"लेफ्ट क्लिअर!" पोरगा ऐटीत म्हणाला. त्याची नजर मात्र आरशात होती... आणि आरशात, मागच्या सीटवरची राजनंदिनी.

"थांबा!" ती ओरडली. जीप कचकन थांबली, आणि दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल अगदी नाकासमोरून निघून गेली.

"न बघताच क्लिअर म्हणालात?"

"बघत होतो की..."

"कुठं?"

तो कानापर्यंत लाल झाला. अकोल्याचा हा आदिनाथ तिच्यासारखाच वैमानिक व्हायला निघाला होता, आणि तेही तिच्याच फ्लाइंग स्कूलमध्ये. पुढे सिम्युलेटरवर दोघांची जोडी लागली, तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. हसू मात्र दाबता आलं नाही.

जमिनीवर विमान फिरवतानाचा नियम सोपा होता. डाव्या सीटवरच्यानं डावीकडे बघायचं, उजवीकडच्यानं उजवीकडे, आणि दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. दोघांतलं कुणीही 'स्टॉप' म्हणालं, की आधी ब्रेक. का, कशाला, हे नंतर.

"राइट क्लिअर," आदिनाथ म्हणायचा.

"खरंच बघितलंस?"

"तुझी शपथ!"

"शपथ नको. मान वळव."

"वळवतो गं... पण ती परत डावीकडेच येते, त्याला मी काय करू?"

असं दोन हिवाळे चाललं. ती त्याला फटकारायची आणि संध्याकाळी त्याच्याच डब्यातली लसणाची चटणी चाटूनपुसून खायची. प्रेमाचं नाव मात्र कुणी काढलं नाही. आणि लायसन हाताशी आलं असताना नेवाशाहून तिच्या वडिलांचा, आबांचा फोन आला. "रविवारी सुपारी फोडायची हाय. पोरगं लई चांगलं हाय. फकस्त ते इमान सोडायचं."

ती रात्रभर रडली, सकाळी तोंड धुतलं आणि आदिनाथला म्हणाली, "रविवारी नेवाशाला स्कूटर घेऊन ये. पण बोलायचं मी. तू दाराशी उभा राहा."

"मला बोलायचंय पण..."

"ते नंतर!"

रविवारी ओसरीवर पाहुणे भरले. नवऱ्या मुलाचे मामा म्हणाले, "मुलीची काही हरकत न्हाई ना?" आणि उत्तराची वाट न बघता चहाचा कप उचलला. आबांनी अडकित्त्यात सुपारी धरली. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"स्टॉप!"

आबांचा हात जागच्या जागी थांबला.

"येडी झाली का तू? पाव्हण्यांसमोर?"

"व्हय, पाव्हण्यांसमोरच." तिची मान ताठ होती. "मला न विचारताच रस्ता मोकळा म्हणता? मी विमान सोडणार न्हाई. आबा, विमानात कुनी स्टॉप म्हटलं तर कॅप्टनसुद्धा आधी ब्रेक दाबतो. तुमी आमच्या घरचे कॅप्टन. आधी ब्रेक दाबा, मग हवं तेवढं भांडू."

मामा तणतणत उठले, त्यांच्यामागे सगळेच. आबांनी अडकित्ता खाली ठेवला. मग त्यांनी अख्खी सुपारी खिशात टाकली.

"जा. लायसन घेतल्याबिगर तोंड दाखवू नको."

आई पदराआड हसली.

स्कूटर तिनं चालवली. दाराशी थांबलेला आदिनाथ मागे बसला. दोन्ही बाजूंना तुऱ्यावर आलेला ऊस, गार वारं... हमरस्त्याच्या तोंडाशी तिनं ब्रेक दाबला. उजवीकडे तिनं स्वतः बघितलं.

"डावीकडे?"

मागे सीट कुरकुरली.

"आदिनाथ! डावीकडे काय?"

"थांब."

तिनं आरशात पाहिलं. आज पहिल्यांदाच हा बाबा आरशात तिला शोधत नव्हता. मान पूर्ण वळवून, डोळे बारीक करून तो रस्ता निरखत होता.

"उसाची ट्रॉली येतीय, जाऊ दे," तो म्हणाला. "आणि माझं तुझ्यावर लई प्रेम हाय. पण आत्ता माझ्याशी बोलू नकोस, मी बघतोय."

ट्रॉली डुलत निघून गेली. राजनंदिनीच्या डोळ्यांपुढचा रस्ता जरा धूसर झाला होता. तिनं बाहीनं डोळे पुसले.

"माझंही," ती म्हणाली. "आता?"

"आता क्लिअर."

तिनं स्कूटर रस्त्यावर घेतली.