दोन भाकरींचं भाडं

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण खोटं तेवढं म्हणू नका. दीपमाला कलबुर्गीच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. उगाच काहीबाही बोलणारी बाई नव्हे ती. तिनं सांगितलं तसंच सांगते.

गेल्या वर्षीचा मार्च. शनिवारची दुपार. भालकी तालुक्यातलं खटकचिंचोळी.

तिथं दीपमालाचं माहेर. धाकटा भाऊ धनराज बायकोपोरांना घेऊन हैदराबादला गेला आणि घरात उरले एकटे अप्पा, म्हणजे तिचे वडील राघोबा. वय अठ्ठ्याहत्तर. साधा चहा करता येत नाही, आणि गाव सोडायचं नाव काढत नाहीत.

"मला तुमच्या तिसऱ्या मजल्यावर न्यायलीस तर मी जेवायचंच सोडीन," असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

मग दीपमालानं तोड काढली. अप्पांना मागची खोली. पुढचं घर, स्वयंपाकघरासकट, भाड्यानं द्यायचं. भाडं नावाला. पण घेणाऱ्यांनी दोन्ही वेळेला अप्पांना दोन भाकरी द्यायच्या.

तीन बिऱ्हाडं बघून गेली. तिघांनीही स्वयंपाकघराच्या दारातूनच नाकं मुरडली. चौथे, शाळेतले एक मास्तर आणि त्यांची बायको मल्लेश्वरी, त्या दिवशी चार वाजता येणार होते. दीपमालाची रजा रविवारी संपत होती. हेही हातचे गेले तर अप्पांना जेवायला कोण घालणार?

ओढणी कमरेला बांधून ती सकाळीच कामाला लागली. भिंतीवरची काजळी, फरशांवरचा तेलाचा चिकट थर, मोरीतलं शेवाळ. सोडा, लिंबू, तारेची घासणी. बोटांची सालं निघाली. शेगडी धनराज घेऊन गेला होता, त्यामुळे ओटा तरी मोकळा होता. अकरापर्यंत तो लख्ख झाला.

ती बादली ओतायला मागे गेली. परत येऊन बघते तर…

ओट्यावर पीठ.

ज्वारीचं. भाकरी थापताना सांडतं तेवढंच.

"अप्पा! ओट्याला हात लावू नका म्हनलं होतं की न्हाई?"

अप्पा बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत होते.

"मी कामून लावू? सकाळधरनं हितंच बसलोय."

तिनं पुसलं. खिडकीचे गज पुसायला पाठ वळवली, वळून पाहिलं…

पुन्हा पीठ.

डोकंच फिरलं तिचं. रडावं की ओरडावं कळेना. पुन्हा पुसलं, दार ओढून घेतलं आणि शेजारणीनं दिलेला चहा घेऊन पायरीवर बसली. दोन घोट झाले असतील, तेवढ्यात…

थप… थप… थप…

आतून. सावकाश. एका लयीत.

तिनं दार ढकललं. आवाज थांबला. आत कुणी नाही. खिडकी बंद. ओट्यावर पीठ.

आता कुणाला वाटेल, ती घाबरली असेल. छे! तिला संताप आला. चारच्या आत घर चकाचक करायचंय, तिथं भ्यायला सवड कुणाला? उंदीर नाहीतर झुरळं, दुसरं काय, असं तिनं ठरवून टाकलं. पिठात बोरिक पावडर कालवली, ओट्याखालच्या कोपऱ्यात पसरली आणि मांजरानं तोंड घालू नये म्हणून वर वेताचं टोपलं पालथं घातलं.

अप्पा पाणी प्यायला आत आले आणि दारातच थबकले.

"पोरी, ह्ये काय मांडलीस?"

"झुरळाचं औषध हाय, अप्पा."

"पीठ पसरून टोपलं झाकलीस की. मेलेल्या माणसाचं पाऊल बघायला करत्यात तसं. तुझ्या मायचं करायचं ऱ्हायलं होतं."

राहिलंच होतं. माणूस गेलं की त्यांच्यात घरात पीठ पसरतात, दिवा लावतात, वर टोपलं झाकतात. पिठात कसलं पाऊल उमटलंय त्यावरून ते कोणत्या जन्माला गेलं ते ओळखतात. दीपमालाची आई, कमलबाई, कोरोनात बिदरच्या दवाखान्यात गेली. घरी आणलीच नाही. त्या गडबडीत पीठ पसरायचं कुणाला सुचणार?

अप्पा देवघरातून पणती पेटवून घेऊन आले आणि टोपल्याजवळ ठेवली. वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

साडेतीन वाजले. माणसं यायच्या आत हे सगळं उचलायला हवं होतं. तिनं टोपलं उचललं…

पाऊल नव्हतं.

हात होता.

उजवा. पाची बोटं पसरलेली, भाकरी थापताना पसरतात तशी. टोपलं झाकताना पीठ तिनं स्वतः सपाट केलं होतं.

अप्पांनी वाकून पाहिलं.

"पाऊल न्हाई," ते हळूच म्हणाले. "गेलीच न्हाई की ती."

दीपमालाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आणि रागही आला, खरंच आला. "माय, आज नको गं असं करू. माणसं यायलीत!" असं म्हणत तिनं ओल्या फडक्यानं ते पुसून काढलं. आईचा हात मी पुसला, असं ती अजून म्हणते.

चारला मास्तर आणि मल्लेश्वरी आले. ओटा स्वच्छच राहिला. मल्लेश्वरीनं त्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"लई छान ठेवलाव की, अक्का. अप्पांच्या भाकरीची काळजीच करू नका."

रविवारी सकाळी त्यांचं बिऱ्हाड आलं आणि दीपमाला हलक्या मनानं बसमध्ये बसली.

चौथ्या दिवशी मल्लेश्वरीचा फोन.

"अक्का, तुमचे अप्पा आमच्या भाकरीला हातच लावनात. जेवलो म्हनत्यात. कुठं जेवत्यात ओ? घराबाहेर तर जात न्हाईत."

 भूक मंदावली असेल, असं काहीतरी दीपमाला बोलली.

पाडव्याला मास्तरांचं बिऱ्हाड दोन दिवस गावी गेलं. घरात अप्पा एकटे. सणाचा दिवस, म्हातारा माणूस उपाशी राहील म्हणून तिनं दुपारी फोन लावला.

"अप्पा, जेवलाव का?"

"बसलोय की जेवायला."

"कोन वाढायलंय?"

पलीकडे ताटाचा आवाज झाला. मग फोनपासून तोंड बाजूला करून, चार वर्षांत तिनं ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात अप्पा कुणाला तरी म्हणाले…

"पुरं गं. दोनच बास. तू बी बस आता."

तिनं फोन कट केला.

आता वर्ष होत आलं. अप्पांच्या अंगावर मांस चढलंय, असं मल्लेश्वरी सांगते. पुढं ती काही बोलत नाही, दीपमालाही विचारत नाही. पण त्यानंतर ती माहेरी गेलेली नाही. आई वाढायला आली तर ताट पुढं करायचं की पळत सुटायचं, हे तिचं अजून ठरत नाही.