मागच्या सीटवरचं दुखणं

तिसरा तपासनीस दाराशी आला, तेव्हा तिनं त्याला 'बसा'सुद्धा म्हटलं नाही.

घोड्यावरून पडून वडिलांचा कणा दुखावला होता. चार लोकांत जाता यावं म्हणून त्यांनी मोठ्या हौसेनं ती आलिशान मोटार घेतली. पण पहिल्याच फेरीत मागच्या सीटवरच्या धक्क्यांच्या वेदनेनं ते पांढरेफटक पडले. तेव्हापासून त्यांची खुर्ची खिडकीशी होती. तिनं मोटार कंपनीला अकरा पत्रं लिहिली. दोन तपासनीस आले, चक्कर मारून 'दोष नाही' म्हणत निघून गेले.

हाही चालवून आला. "मला तर काहीच जाणवलं नाही..."

"कसं जाणवेल? तुम्ही सगळे पुढं बसता. दुखणारा माणूस मागं असतो."

त्यावर तो ड्रायव्हरला हाक मारून तिला म्हणाला, "चला, मला दाखवा."

दोघं मागं बसले. दगडी रस्ता लागला आणि मोटार अशी उसळली, की तिचा खांदा त्याच्यावर आदळला.

"माफ करा—"

"तुम्ही कशाला? माफी आम्ही मागायची." तो वहीत लिहू लागला, तर पेन्सिलच उडून तिच्या मांडीवर पडली. ती परत देताना तिनं तोंड बाहेर वळवलं. हसू दिसू नये म्हणून...

मग तो रोज येऊ लागला. वाळूची पोती भरली, की मोटार अलगद चाले. पोती काढली, की उसळे. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "स्प्रिंगा सात माणसांच्या वजनासाठी घडवल्या आहेत. मागं तुम्ही दोघंच बसता."

"घरात माणसंच तेवढी उरलीत."

त्यानं मान खाली घातली. त्याच दिवशी कंपनीची तार आली : 'दोष नाही असंच लिहा.' त्यानं ती तिच्या हातात दिली.

"काय लिहिणार?"

"आहे ते."

"नोकरी जाईल."

"जाईल," तो म्हणाला आणि बाह्या सारून मोटारीखाली शिरला. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांचे दोन-दोन पोलादी पाटे त्यानं स्वतः उतरवले, म्हणजे कमी वजनालाही त्या लवतील.

दुसऱ्या दिवशी वडिलांना मागं बसवलं. दगडी रस्ता आला. तिनं श्वास रोखला. वडिलांनी घट्ट धरलेला पट्टा हळूच सोडला. "पुलापर्यंत जाऊ या का?" त्यांनी विचारलं. वर्षभरात त्यांनी काही मागितलेलं तिनं ऐकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

आठवड्यानं तो निरोप घ्यायला आला. नोकरी गेली होती. "दुसऱ्या शहरात वर्कशॉप काढायचं म्हणतोय. स्थिरावलो, की... तुम्ही याल?"

"वडिलांना सोडून नाही यायची मी." ती थांबली. "आणि तुम्हाला जाऊ देणं... तेही जमेलसं वाटत नाही. वर्कशॉप इथंच काढा ना."

"तुमच्या वडिलांना विचारायला हवं—"

"मी सकाळीच विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मला काय विचारतेस, त्याला विचार."