पंधरा गुणांचा डाव

सांगलीत गेल्या अकरा वर्षांत कुणी कुणावर आवाज चढवला नव्हता. मंडईत घासाघीस चाले, पण उलटी. भाजीवाली आपणहून भाव उतरवायची आणि गिऱ्हाईक तो चढवायचं. ही सगळी समेटकाची करामत. समेटक म्हणजे देशात प्रत्येकाच्या कानामागे कातडीखाली बसवलेलं तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. आपल्या बोलण्याने किंवा वागण्याने समोरचा दुखावणार, हे ते आपल्याला कळायच्या आत ओळखायचं आणि आपली जीभ, आपला हात हलकेच आवरायचं. भांडणं संपली, पोलिसांना जांभया देण्यापलीकडे काम उरलं नाही. शरयू दिघ्यांना मात्र या शांततेत करमत नव्हतं.

शरयूताई पंचाहत्तरीच्या, आयटीआयमध्ये टीव्ही दुरुस्ती शिकवून निवृत्त झालेल्या, घरात एकट्याच. माळा आवरताना त्यांना लहानपणचा व्हिडिओ गेम सापडला. मस्कतच्या मामांनी आणलेला, टीव्हीला जोडायचा डबा आणि त्याला वायरीने लटकलेल्या दोन फिरत्या मुठी. पडद्यावर दोन पांढऱ्या फळ्या, एक चौकोनी चेंडू आणि पंधरा गुणांचा डाव. त्या यंत्राला स्वतः खेळायची अक्कलच नव्हती, समोर दुसरं माणूस लागायचं. ते माणूस म्हणजे धाकटा भाऊ दिगंबर. हरला की तो मूठ आपटायचा आणि जिंकला की दिवसभर वेडावून दाखवायचा. तसं आपल्याला कुणी वेडावून किती वर्षं झाली, हे शरयूताईंना आठवेना.

त्यांनी मुठी उघडून स्पिरिटने पुसल्या, तुटलेली तार सोल्डर केली, इंदूरला दिगंबरला फोन केला आणि मग थेट मिरज गाठली. समेटक बनवणाऱ्या डॉ. इरावती खांबेटे तिथेच असत.

"दोघांचेही समेटक काढून द्या," शरयूताई म्हणाल्या. "भाऊ येतोय. समेटक असताना तो मला हरवणार नाही आणि मी त्याला. मग खेळायचं काय, डोंबल?"

डॉक्टरांनी त्यांच्या कानामागचा दाणा बोटाने चाचपून पाहिला. "काढते. पण फरक पडेल असं वाटत नाही. सायकल शिकताना मागून कुणीतरी धरतं ना? मग एक दिवस हळूच सोडून देतं आणि आपण चालवतच राहतो. ताई, आम्ही सात वर्षांपूर्वीच सगळ्यांचे समेटक बंद केलेत. कुणाच्या लक्षातही आलं नाही."

"म्हणजे तेव्हापासून माणसं आपली आपणच?"

"आपली आपणच. मेंदूने ते गिरवून घेतलंय."

"माझ्या नाही घेतलेलं. मी जन्माची भांडकुदळ आहे. काढा तुम्ही."

दिगंबर आला, त्याचाही समेटक निघाला. रविवारी दुपारी दोघं सतरंजीवर बसली. म्हाताऱ्या बोटांनीही डाव चुरशीचा झाला. चौदा-चौदा. चेंडूचा वेग वाढत गेला, शरयूताई पुढे सरकून बसल्या. इतक्यात दिगंबरची फळी, काही कारण नसताना, सावकाश खाली सरकली आणि चेंडू मोकळ्या जागेतून निघून गेला.

"मुद्दाम सोडलास," त्या म्हणाल्या.

"हो, अक्का. तुला जिंकायचं होतं ना."

एके काळी एवढ्यावर त्यांनी मूठ त्याच्या डोक्यात घातली असती. त्यासाठीच तर त्याला इतक्या लांबून बोलावलं होतं. छातीत काहीतरी उसळलंही. हा रडीचा डाव आहे, परत खेळ, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"छान खेळलास हो," तोंडून निघालं. "दमला असशील. चहा टाकते."

दिगंबरने समाधानाने मान हलवली.

स्वयंपाकघरात त्यांनी गॅस पेटवला आणि कानामागे बोट फिरवलं. तिथे नुसता टाका होता. आता दिगू आपल्याशी कधीच भांडणार नाही आणि आपणही त्याच्याशी नाही, हे त्यांना कळून चुकलं. मग ओट्याला टेकून त्या रडल्या, अगदी आवाज न करता, बाहेर त्याला वाईट वाटू नये म्हणून.