मानेखालचा हात

हरभरे घेण्यासाठी त्याने हातातली मेणाची चकती कट्ट्यावर टेकवली आणि हरभरेवाल्या वेनुस्ताची नजर तिच्यावर पडली.

"अगंबाई! हे लेकरू आहे की ओंडका?"

तो गोरामोरा झाला. रोमच्या टाकसाळीत नाण्यांचे ठसे कोरणारा फिलेरोस… नव्या नाण्यावर सम्राज्ञी आणि तिच्या कुशीत तान्हा राजपुत्र दाखवायचा होता.

"दोन नमुने परत आलेत. तिसराही आला, तर काम गेलं."

"जाणारच! मान बघा कशी लोंबकळतेय. तुमच्या सम्राज्ञीनं कधी उचललंय का पोराला?"

"हळू बोला, बाई! हे नाणं पार ब्रिटनमधल्या शिपायाच्या हातात जाणार. त्याला वाटलं पाहिजे, राजवाड्यात पाळणा हलतोय, राज्याला धोका नाही."

"मग आधी मान धरायला शिका."

तिने झोळीतून तीन महिन्यांच्या प्रिमुलाला उचललं. "असा हात मानेखाली, बोटं पसरून."

"मी घेऊन बघू?"

"मुळीच नाही!"

ती दोन पावलं मागेच सरली. लेकीचं तोंडही न पाहता नवरा तापानं गेला होता. तेव्हापासून ती पोरीला शेजारणीकडेही देत नसे. झोपली तरी नाकाशी बोट धरून श्वास पाही…

फिलेरोस मग रोजच येऊ लागला. हरभरे कमी खायचा, बघायचाच जास्त.

"हात बघताय ना?"

"हातच… बहुतेक."

दहाव्या दिवशी त्याने एक कोरं करकरीत नाणं तिच्यापुढे धरलं. केसांची ठेवण सम्राज्ञीची, दागिने सम्राज्ञीचे. पण बाळाच्या मानेखालचा हात… करंगळी किंचित वाकडी!

"अय्या, ही तर माझी!"

"टाकसाळीचे साहेब म्हणाले, सम्राज्ञी किती मायाळू दिसतेय."

ती खळखळून हसली. तेवढ्यात मडकं उतू गेलं, शेगडी फसफसली, प्रिमुला दचकून रडू लागली. मडकं उतरवायला दोन्ही हात हवे होते.

फिलेरोसने हात पुढे केले. एक मानेखाली, बोटं पसरून.

वेनुस्ता त्या हातांकडे बघत राहिली. मग… दिली.

मडकं उतरलं. प्रिमुलाने त्याचा काळपट अंगठा मुठीत धरला आणि गप्प झाली.

"हात अवघडेल हो," वेनुस्ता हळूच म्हणाली.

"अवघडू दे… जन्मभर."

तिने वाडगा भरला. त्याचे दोन्ही हात गुंतलेले. मग एकेक दाणा फुंकून तिनेच त्याला भरवला.