डाव्या बाजूचा माणूस

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण मी दुकानदार माणूस आहे. गिऱ्हाईक खोटं बोलायला लागलं की मला त्याच्या चपलांवरून कळतं. त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांना मी सहजासहजी फसू देत नाही.

आणि हे मी स्वतः पाहिलं आहे.

गेल्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, भर दुपार. ठिकाण विसरवाडी.

हो, दुपारच. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं.

नंदुरबारचा रस्ता हायवेला मिळतो, त्याच्या थोडं अलीकडे माझं दुकान आहे. साखळ्या, दोर, ताडपत्री. आखाजीला सगळा गाव आमरस खाऊन आडवा होतो, तेव्हा माझं एकट्याचं दुकान उघडं असतं. अडलेला ड्रायव्हर त्या दिवशी घासाघीस करत नाही, एवढं शहाणपण मला आहे.

त्या दुपारी रस्त्यावर एकच गाडी आली. रूपचंददाजींचा ट्रेलर.

दाजी म्हणजे माझ्या सुनिताताईचे यजमान. सगळं आयुष्य उघड्या ट्रेलरवर अवजड माल वाहण्यात गेलं. त्या दिवशी शहाद्याकडच्या साखर कारखान्यातला चरकाचा रोलर घेऊन ते गुजरातकडे निघाले होते. रोलर म्हणजे हत्तीएवढं गोल लोखंड. ते आडवं ठेवायचं, खाली लाकडी गुटके ठोकायचे आणि वरून साखळ्या आवळायच्या. पण चालत्या गाडीत साखळी ढिली पडते. म्हणून वाटेत थांबून तपासायची, आणि दाजींचा तपासायचा थांबा म्हणजे माझ्या दुकानासमोरचा लिंब.

तपासण्याची त्यांची रीत ठरलेली. उजव्या बाजूला दाजी, डाव्या बाजूला रायसिंग.

रायसिंग त्यांचा क्लीनर. धडगावकडचा. केस पांढरे झाले तरी क्लीनरच राहिला. मी चिडवायचो, "रायसिंगभाऊ, आता तरी ड्रायव्हर व्हा."

तो म्हणायचा, "मंग साखळी कोन देखी? तू?"

दाजी टॉमीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, साखळी ठोकून ओरडायचे, "तुन्ही बाजू देख रे!" पलीकडून रायसिंग ठोकायचा. आवळलेली साखळी टण् वाजते, ढिली थड करते. सगळ्या टण् वाजल्या की दाजी स्टेअरिंगवर चढून म्हणायचे, "चल, बठ." मगच रायसिंग डाव्या दारानं चढायचा. त्या शब्दाशिवाय कधीच नाही.

रायसिंग दिवाळीत गेला. कावीळ झाली होती.

गाडीच्या मालकानं दुसरा माणूस दिला नाही. दाजी एकटेच दोन्ही बाजू बघायला लागले. गुडघे गेलेले, झोप नाही. सहा महिन्यांत माणूस वाळल्या मिरचीसारखा झाला.

त्या दुपारी ते उतरले तेव्हा हातात मातीची छोटी घागर होती.

मी दुकानातून ओरडलो, "दाजी, घागर घरी भरतात, हायवेवर नाही!"

"त्यान्हं घर मन्ही गाडीच व्हती," ते म्हणाले.

आखाजीला आम्ही गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतो. दाजींनी डाव्या दाराखाली पाणी ओतलं आणि म्हणाले, "पाणी पी रे, भाऊ."

पाणी लगेच सुकलं. उन्हात सुकणारच.

मग ते उजव्या बाजूला आले आणि साखळ्या ठोकू लागले. डोळे अर्धे मिटलेले. हात सवयीनं चालत होते... आणि तोंडही सवयीनंच चाललं.

"तुन्ही बाजू देख रे!"

मला हसू आलं. थकला बिचारा, म्हटलं.

तेवढ्यात...

पलीकडून आवाज आला.

टण्.

माझं हसू गेलं.

टण्...

दाजी टॉमी हातात धरून जागच्या जागी थिजले होते.

थड.

मी वाकलो. उघड्या ट्रेलरच्या खालून आरपार दिसतं. पलीकडे कोणी उभं असेल तर पाय दिसायलाच हवेत.

पाय नव्हते.

थड... थड... त्याच साखळीवर. कोणीतरी चिडून ठोकावं तसं.

मी धावत रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. डावीकडे चिटपाखरू नव्हतं. पण शेवटच्या साखळीचा आकडा सुटायच्या बेतात होता आणि रोलरखालचा गुटका वीतभर सरकला होता. पुढे कुठेही जोरात ब्रेक मारला असता, तर रोलर सरळ केबिनमध्ये आला असता.

दाजींवर.

साखळी अजून हलत होती. वारा तर नव्हताच.

दाजी माझ्यामागे आले. साखळी बघितली. दोघांनी मिळून गुटका परत ठोकला, साखळी आवळली.

"दाजी, आज मुक्काम करा. चला घरी."

"माल पोचाडना शे."

ते स्टेअरिंगवर जाऊन बसले. मी डाव्या दारापाशीच उभा होतो. त्यांनी इंजिन चालू केलं, डोळे चोळले, आणि...

"चल, बठ."

ते म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

उशीर झाला होता.

माझ्यासमोर दाराची मूठ खाली गेली. दार उघडलं. मी हात लावला नव्हता. देवाशपथ सांगतो.

बाजूच्या सीटचं रेक्झिन हळूच दबलं... एखादा दमलेला माणूस टेकतो तसं.

दार बंद झालं.

दाजींनी डावीकडे बघितलं नाही. गिअर टाकला आणि गेले.

तेव्हापासून त्यांच्या गाडीवरचा माल तसूभरही सरकलेला नाही. मालक खूश आहे. त्याला वाटतं, नव्या साखळ्यांची कमाल आहे. साखळ्या मीच विकल्या, म्हणून मीही गप्प आहे.

पण दाजी आणखी खंगले. ताई सांगते, ते घरी येतच नाहीत. आले तरी दारात उभे राहून पुन्हा गाडीकडे बघतात. जेवणाचे डबे दोन मागतात.

मागच्या महिन्यात मी स्पष्टच म्हणालो, "दाजी, गाडी सोडा आता. शहाद्याला धडगावच्या फाट्यावर थांबा आणि त्याला म्हणा, उतर. तो बठ म्हटल्याशिवाय बसत नव्हता, तसा उतर म्हटल्याशिवाय उतरणार नाही."

त्यांनी चहा बशीत ओतला.

"फाट्यावर रोज थांबस, उमाकांत. त्यानीच मन्हा जीव वाचाडा. त्याले उतर कसं सांगू?"

"मग तुम्ही तरी उतरा."

"मी उतरनू, तर त्याले बठ कोन म्हनी?"

मी चहाचे पैसे देऊन उठलो.

काल दुपारी ते पुन्हा आले. गाडी लिंबाखाली लावली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून तसेच झोपले. इतके गाढ, की तोंड उघडं होतं. मी त्यांना उठवलं नाही.

थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला.

टण्... टण्... टण्...

सगळ्या साखळ्या पक्क्या.

मग शांतता.

दाजी उठले नाहीत. त्यांच्या तोंडून तो शब्द आला नाही. शांतता लांबत गेली... कोणीतरी वाट बघत होतं.

मग आवाज पुन्हा आला.

टण्.

पण ट्रेलरकडून नाही. माझ्या दुकानात, माझ्या पाठीमागे टांगलेल्या साखळ्यांतून.

मी मागे वळलो नाही.

दुकानदाराच्या जिभेवर एक शब्द कायम तयार असतो. कोणी आलं की तो आपसूक सुटतो. कालही तो ओठांपर्यंत आला होता. मी हातानं तोंड दाबून धरलं आणि दाजींना जाग येईपर्यंत तसाच उभा राहिलो.

आज सकाळपासून गिऱ्हाइकं येताहेत आणि उभ्याउभ्याच परत जाताहेत. उमाकांतला पैशाचा माज आला, असं बाहेर बोलतात म्हणे.

बोलू देत.

मी कोणालाच "बठा" म्हणत नाहीये.